शून्य म्हणजे सगळं ठीक

आमच्या घरात ज्याचं सगळं ठीक चाललेलं असतं, त्याचा आवाज येत नाही. आधी कुकरचा गेला. शिट्टी वर उडताना दिसली, वाफ निघाली, भात छान मोकळा शिजला, पण आवाज नाही. मग फाटकाच्या कडीचा गेला, दारावरच्या बेलचा गेला, आणि शेवटी आईचा. आईचा गेला त्याला आता महिना होत आला, आणि माझ्याशिवाय कुणाला त्याचं काही वाटत नाही.

"उलट बरंय," बाबा म्हणाले. "ती बोलत नाही, म्हणजे तिची काही तक्रार नाही."

बाबांचा स्वतःचा आवाज अगदी शाबूत आहे. तो जाईल अशी भीतीही नाही. त्यांचा चहा कोमट असतो, पेपर चुरगळलेला असतो, पंखा जोरात असतो नाहीतर हळू असतो. एस.टी.तून रिटायर झाल्यापासून त्यांच्या मते फलटणात एकही गोष्ट धड नाही, त्यामुळे सकाळपासून घरात त्यांचंच ऐकू येतं.

हे सगळं माझ्या कॉम्प्युटरपासून सुरू झालं, एवढं मला कळतं. इथल्या एका क्लासने तो मोडीत काढला होता, तो मी घरी उचलून आणला. त्याच्यावर नवीन काही चालेना. मग मी सगळं पुसून त्याच्यावर एक एवढीशी सिस्टिम टाकली. तिच्यात चित्रं नाहीत, माऊस नाही, रंग नाहीत. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी चौकट, बास. तिथे कमांड टाइप करायची. बरोबर असली तर काम होतं. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला आहे, पण तिथे नुसतं कुठे टिचकी मारायची तेवढं शिकवलं. आत काय चालतं विचारलं की मॅडम म्हणायच्या, "तुला काय करायचंय त्याच्याशी?" आता मला करायचंच होतं. आत्या म्हणते, मीनलच्या अंगात रक्त कमी आणि हट्ट जास्त.

शिकवायला कुणी नव्हतं, आणि नको होतं. त्या सिस्टिमच्या पोटातच तिचं पुस्तक असतं. कमांडचं नाव घेऊन विचारलं की तिचं पान उघडतं. रोज जेवणं आटोपली, भांडी घासून झाली की मी एक पान वाचायचे आणि लगेच करून बघायचे. पहिलाच धडा असा होता, की काम नीट झालं तर सिस्टिम काही बोलत नाही. 'शाबास' नाही, 'झालं' नाही, काही नाही. चौकट खालच्या ओळीत उतरते आणि पुन्हा लुकलुकायला लागते. चुकलं तरच बोलते, आणि तेही मोजकं. आधी ज्याचं चुकलं त्याचं नाव, पुढे दोन टिंबं, आणि मग काय चुकलं ते.

मला हे इतकं आवडलं म्हणून सांगू! नाहीतर आमच्याकडे भाजीत मीठ कमी पडलं तरी त्याच्यावर संध्याकाळपर्यंत भाषण चालतं.

मग एक दिवस दूध उतू गेलं आणि ओट्यावरून कुणीतरी सपाट आवाजात म्हणालं, "दूध: उतू गेले." ओट्यापाशी कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी, "नळ: पाणी नाही." त्यानंतर आत्याचा गुडघा बोलायला लागला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, बालवाडीत शिकवलं आणि जन्मभर याच घरात राहिली. पुढच्या खोलीत तिची कॉट आहे. ती सकाळी उठून पाय खाली सोडते, की लगेच येतं, "गुडघा: वाकत नाही."

"माझा गुडघा माझ्याआधी बोलतो," आत्या म्हणाली. "आगाऊ कुठला."

बाहेरही तेच. रस्त्यावरून रिक्षा जातात त्या ऐकू येत नाहीत, पंक्चर झालेली तेवढी ऐकू येते. पोरं खेळतात ती ऐकू येत नाहीत, पडलेलं पोर ऐकू येतं. कानावर येईल ते वाईटच. दिवसभर हे ऐकायचं आणि अधूनमधून जी शांतता पडते तिला चांगलं म्हणायचं. माझा जीव कायम टांगणीला लागलेला असतो.

आणि आई! आई गप्प बसणारी बाई नव्हतीच मुळी. ती तव्याशी बोलायची, मांजराला टोमणे मारायची, रेडिओवरच्या बातम्यांना उलट उत्तर द्यायची. आता ती पोळ्या लाटते, तर लाटणंसुद्धा वाजत नाही.

"आई, बरी आहेस ना गं?" मी विचारलं.

उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे बरी आहे. पण ऐकूच आलं नसेल तरी उत्तर नाहीच येणार, आणि आत काही उरलंच नसेल तरी नाहीच येणार. यातलं नेमकं कुठलं, ते ओळखायचं कसं? त्याची सोय पुस्तकात होती. कुठल्याही कामानंतर सिस्टिमला विचारता येतं, की आत्ता जे केलंस ते कसं झालं. ती एक आकडा देते. शून्य म्हणजे सगळं ठीक. दुसरं काहीही आलं की समजायचं, बिघडलंय. मी आईला तसंच विचारलं, "कसं झालं?" आईने परातीतल्या कोरड्या पिठात बोटाने शून्य काढलं.

शाळेत मी शून्य आणलं असतं तर हिनेच पाठीत धपाटा घातला असता.

एरवी मी हेही सोसलं असतं. पण माझं लग्न ठरलं आहे आणि मला आईला एक गोष्ट विचारायची आहे. मुलगा सांगलीचा. मला आवडलाय, उगाच खोटं कशाला बोलू. अडचण एवढीच, की त्यांची थोरली सूनही मीनलच आहे. त्याच्या आईचा फोन आला. त्यांचा आवाज खणखणीत आला, तेव्हाच मी समजले, की काहीतरी ठीक नाही.

"एका घरात दोन मीनल कशा चालतील?" त्या म्हणाल्या. "आम्ही मैथिली ठरवलंय. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने नाव लिहायचं, की झालं. पत्रिका छापायच्यात. रविवारी फोन करते, तेव्हा हो की नाही ते सांगा."

मुलगा म्हणाला, "घरच्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे, मी मीनलच म्हणेन." ते ऐकून मला आधी बरं वाटलं आणि मग राग आला. कुणाचा आला ते काही सांगता येत नव्हतं. हो म्हणावं तर घशात अडकतं, नाही म्हणावं तर एवढ्यातेवढ्यावरून सोन्यासारखं स्थळ मोडलं म्हणून सगळे माझ्या नावाने खडे फोडणार.

आमच्या घरात हे नाव बदलणं फक्त आईच्या वाट्याला आलेलं आहे. सुनंदा हे तिचं सासरचं नाव. माहेरचं तिने कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. माझा प्रश्न अगदी साधा होता. मी तिच्यासमोर खालीच बसले आणि म्हटलं, "आई, तुझं नाव बदललं तेव्हा तुला कसं वाटलं? मी हो म्हणू का नको?"

आईने पिठात शून्य काढलं.

"शून्य नको ना. बोल."

तिने ते तळहाताने पुसलं आणि त्याच जागी आणखी मोठं शून्य काढलं.

शेवटी मी आत्याकडे गेले. आत्या आधी हसली. "अगं, तिचं नाव वेणू. माझंच! ती लग्न होऊन आली, त्या दिवशी माझ्या आईने हाक मारली, वेणू पाणी आण. तर आम्ही दोघी दोन तांबे घेऊन हजर. आईला ते काही रुचेना. आता मी कुठे जाणार? मी तर घरची. मग तिचं बदललं."

"ती काही बोलली?"

"नाही बाई. गुणाची पोर. एक शब्द बोलली नाही."

"गुडघा: दुखतो," गुडघा म्हणाला. आत्याने त्याला चापट मारली.

त्यानंतर आई 'आई' या हाकेला वळेनाशी झाली. ती समोर बसून पोळ्या लाटत असायची, मी "आई" म्हणायचे, आणि कपाटाच्या वरून तो सपाट आवाज यायचा, "आई: सापडत नाही." मी गेले आणि कॉम्प्युटर लावला. ज्या फोल्डरमध्ये आपण उभे आहोत तिथे काय काय आहे, ते दाखवणारी एक कमांड आहे, अगदी पहिल्या दिवशी शिकतात ती. मी ती दिली. आमच्यापैकी कुणालाही मी तिथे ठेवलेलं नव्हतं, पण आम्ही होतो. एकाखाली एक, कुकर, दिनकर, दूध, नळ, मीनल, वेणू, सुनंदा. दिनकर हे बाबांचं नाव, पण 'बाबा' नाही, 'आत्या' नाही, 'आई' नाही. तिथे नाती चालत नाहीत. तिथे नाव लागतं, आणि ते जसंच्या तसं लागतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "सुनंदा." उभ्या जन्मात मी तिला नावाने हाक मारली नव्हती. जिभेला चटका बसला. आईने झटकन मान वर केली, पदर सावरला आणि मी काहीतरी काम सांगणार अशी वाट बघत राहिली.

म्हणजे इथे होती ती सुनंदा होती, आणि सुनंदाची कधीच काही तक्रार नव्हती. मला जिच्याशी बोलायचं होतं ती वेणू होती. पडद्यावर ते नाव पाहून मला भरून आलं. वाटलं, बघा, इतकी वर्षं झाली तरी तिच्या नावाची जागा कुणी मोडली नाही, तशीच रिकामी ठेवली आहे. आत्या काय म्हणाली ते मी कानाने ऐकलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. माझ्यासाठी आत्या ही आत्या होती. तिला हाक मारायला आणखी एखादं नाव लागतं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

रविवारी दुपारची जेवणं झाली आणि मी नाव बदलायच्या कमांडचं पान उघडलं. तशी वेगळी कमांडच नाही. एखादी गोष्ट इकडून उचलून तिकडे नेणं आणि तिचं नाव बदलणं, या दोन्हीला एकच कमांड आहे. सिस्टिमला त्यात फरक दिसत नाही. नेलं की पहिल्या जागी काही राहत नाही. आणि पानाच्या तळाशी होतं, की त्या नावाचं तिथे आधीच काही असेल तर नवं त्याच्यावर बसतं. सिस्टिम विचारत नाही. मी हे वाचलं. वाचलं आणि पुढे गेले, कारण बाबा फोन मांडीवर घेऊन बसले होते आणि सांगलीचा फोन कधीही आला असता.

एमव्ही ही ती कमांड, पुढे जुनं नाव, मग नवं. एमव्ही सुनंदा वेणू. मी टाइप केलं आणि एंटर दाबलं.

सिस्टिम काही बोलली नाही. चौकट खालच्या ओळीत उतरली आणि लुकलुकायला लागली.

पुढच्या खोलीत सकाळपासून गुडघा कुरकुरत होता, तो गप्प झाला. मला वाटलं, चला, तेवढं तरी बरं झालं. मी आत्याला सांगायला गेले. कॉटवरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. चष्मा नव्हता, काठी नव्हती. खिळ्याला तिची पिशवी अडकवलेली असते ती नव्हती, आणि तो खिळाही नव्हता.

"बाबा, आत्या कुठे गेली?"

"कोण आत्या?"

"आत्या! तुमची बहीण!"

"मला बहीण कधी होती?" बाबा म्हणाले. "ती खिडकी लाव. ऊन येतंय डोळ्यावर."

मी परत पडद्याकडे धावले आणि तीच कमांड दिली. कुकर, दिनकर, दूध, नळ, मीनल, वेणू. माघारी फिरायची काही कमांड असेल म्हणून मी पान चाळलं. पान तिथेच संपत होतं. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, माणसाचा, बाईचा, चांगला मोकळा.

"हितं कोन हाय का?"

देवा! तो आवाज आईचा होता. मी सगळं विसरले, आत्यालासुद्धा विसरले, आणि धावले. आई ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. तीच साडी, तेच पांढरे केस. पाय मात्र लहान पोरीसारखे पुढे पसरलेले, आणि दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून ती उलटेपालटे करून बघत होती.

"आई!"

"कुनाची आई?" ती म्हणाली. "अक्का, माजी आय कुठाय? बाजाराला जाऊ म्हनली आन् मला हितंच सोडून गेली का काय? आन् हे हात कुनाचं हायती? माजं न्हाईत हे."

महिनाभर मी या आवाजासाठी देव पाण्यात ठेवले होते. या घरात ठीक असणाऱ्याचा आवाज येत नाही, हे मला त्या क्षणी आठवलं, आणि तरीही तो ऐकून इतकं बरं वाटलं की मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, नेहमीचाच.

"तुझं नाव काय गं?" मी विचारलं.

"वेनू. दहिवडीची. दहिवडीला कुनालाबी इचारा."

"वेणू, मला एक सांग. लग्न झाल्यावर नव्या घरात तुझं नाव बदललं, तर?"

"कशापायी?"

"त्या घरात आधीच एक वेणू आहे म्हणून."

"अगं बया!" ती म्हणाली, आणि हात खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "मग तिचं बदला की! धनी बदलला तरी कुत्र्याचं नाव ऱ्हातंय. मी तर त्यांच्या तांदळाचं ताटच उधळून दीन. न्हाई म्हंजी न्हाई."

मी तिचा हात हातात घेतला. एवढंच ऐकायचं होतं मला. केव्हापासून एवढंच ऐकायचं होतं. आता माझं सगळं ठीक होतं.

बाहेर फोन वाजला नाही, नुसता उजळला. बाबांनी तो कानाला लावला आणि बोलत बोलत ते स्वयंपाकघराच्या दारात आले. "हो हो, वाटच बघत होतो. आहे ना, इथेच बसलीये." मग त्यांनी फोनवर हात ठेवला. "मीनल, मैथिली चालेल ना गं?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

जीभ हलली. घशाला हात लावला तर तिथे थरथर लागत होती. मी पुन्हा म्हटलं, जोरात, छातीतून म्हटलं. ओठ उघडलेले मला कळत होते. आवाज मात्र फुटत नव्हता. बाबांनी थोडी वाट बघितली, जेवढी माणूस बघतो तेवढी.

"काही बोलत नाही," ते फोनमध्ये म्हणाले आणि हसले. "म्हणजे काही तक्रार नाही तिची. छापा तुम्ही."

मी त्यांना पायाला धरून हलवलं. त्यांनी प्रेमाने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कार्यालयाचं बोलायला लागले.

"अक्का, सांगा की त्यास्नी," वेणू म्हणाली. "का बोलता येत न्हाई? मुकं हायसा? मग लिवा." तिने परात माझ्यापुढे ओढली आणि त्या परक्या हातांनी कोरडं पीठ सारखं करून दिलं.

मी बोट टेकवलं. मला 'नाही' लिहायचं होतं. बोट डावीकडून खाली गेलं, गोल वळलं, वर आलं, आणि जिथून निघालं होतं तिथेच जाऊन मिळालं.